अंबाडा कुणी बांधला? म्हाताऱ्यांकडून तोडगे आणि वारं लिहून घ्यायची माझी रीत

माण तालुक्यातल्या शाळांत मी चौतीस वर्षं पोरं शिकवली, आणि त्यातली तीस वर्षं म्हाताऱ्यांच्या तोंडून निघेल ते लिहून घेतलं. दृष्ट, उतारा, अंगारा, अंगात येणारं वारं, बांधावर ठेवलेली लिंबं. शंभरपानी नऊ वह्या भरल्यात. शाळेतून गेलेल्या पोरी आता बाया झाल्यात, त्या फोन करून विचारतात, "बाई, आमची आज्जी थकलीय, तिच्याकडचं कसं उतरवून घेऊ?" एकेकीला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहिते.

पहिलं म्हणजे समोर खुर्ची टाकून बसू नका. म्हातारीचे हात मोकळे असले की ती मुलाखत देते, म्हणजे देवळातल्या कीर्तनकारासारखं बोलते. हातात काम असलं की खरं बोलते. मी पायलीभर भुईमुगाच्या शेंगा घेऊन जायची. शेंगा फोडायला दोन-तीन तास लागतात, मान खाली राहते, आणि डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. वाती वळणं, हुलगं निवडणं, गोधडीला टाके घालणं, कशानंही जमतं. जात्यावरच्या ओव्या हव्या असतील तर जातंच शोधा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आमच्या आळीत मी एकीला जात्याशिवाय ओवी म्हणायला सांगितलं, तर दुसऱ्या ओळीवरच अडकली. खुंट्याला हात लागला आणि एका दमात अकरा म्हटल्या.

फोनवर आवाज टिपत असाल तर तिला सांगून टिपा. फोन सुपाखाली लपवू नका. एकदा मी तसं केलं होतं, त्या मावशी चार महिने माझ्याशी बोलल्या नाहीत.

दुसरं, "तुमचा यावर विश्वास आहे का?" हा प्रश्न घरीच ठेवून जा. शिकलेल्या नातीनं तो विचारला की म्हातारी ओळखते, आता आपली परीक्षा आहे. मग ती एक तर "छे गं, आमचं आपलं अडाण्याचं" म्हणून झटकून टाकते, नाही तर हट्टानं देव्हाऱ्याच्या बाजूला जाऊन बसते. दोन्हीकडं तुमच्या हाती काही लागत नाही. वस्तू विचारा. काड्या किती? मिरची देठासकट का? ताट कुणी धरलं होतं? त्या वेळी घरात कोण होतं, आणि कोण मुद्दाम बाहेर गेलं होतं?

सुरुवात दृष्टीपासून करा. ती सगळ्यांना येते आणि सांगायला कुणी लाजत नाही. आमच्या आज्जीची रीत अशी. उजव्या मुठीत खडेमीठ, चिमूटभर मोहरी, देठासकट पाच सुक्या लाल मिरच्या, केरसुणीच्या तीन काड्या, आणि ज्याची दृष्ट काढायची त्याच्या पायाखालची माती. माणसाला पाटावर बसवायचं. मूठ डोक्यापासून पायापर्यंत तीनदा उतरवायची, तोंडानं पुटपुटायचं, आणि मागं वळून न बघता मूठ चुलीत टाकायची. ठसका लागला नाही तर दृष्ट जबर होती. ठसका लागला तर किरकोळ किंवा लागलीच नव्हती. गॅस आल्यापासून मिरच्या तव्यावर टाकाव्या लागतात आणि अख्खी बिल्डिंग खोकते, त्यामुळं साताऱ्यात आजकाल कुणालाच दृष्ट लागत नाही.

आता वहीत नीट उतरवायचं ते पुटपुटणं. बहुतेक जण इथं "वगैरे" लिहून मोकळे होतात, आणि सगळा ऐवज त्या वगैरेत असतो. कुणाकुणाची दृष्ट, याची यादी असते ती. "आल्याची, गेल्याची, वाटंवरच्याची, पाणवठ्यावरच्याची, घरच्याची, दारच्याची" असं काहीसं. प्रत्येक बाईची यादी थोडी निराळी. ती शब्दाला शब्द लिहा, क्रमही बदलू नका. आमच्या आळीतल्या एका म्हातारीच्या यादीत "घरच्याची"च्या पुढं "थोरल्या दिराची" असं होतं. मी म्हटलं, हे तुमच्या आईनं शिकवलेलं का? ती म्हणाली, "न्हाई. माझं मीच घातलं." सोळाव्या वर्षी सासरी आलेली पोर. दिराची नजर कशी आहे हे नवऱ्याला सांगायची सोय नाही, सासूला सांगितलं तर तिलाच बोल. मग स्वतःच्या पोराची दृष्ट काढताना, सगळं घर जेवायला बसलेलं असताना, मोठ्यानं त्याचं नाव यादीत. दृष्ट काढणाऱ्या बाईला मधे कुणी अडवत नाही, अडवलं तर लेकराला बाधतं. दीर ताटावरून उठून गेला, आणि पुढं ती पाण्याला निघाली की तो सोप्यात बसेनासा झाला, असं ती सांगायची. हे सांगताना तिनं तीन शेंगा फोडल्या आणि दाणे सुपात टाकायच्या ऐवजी टरफलांत टाकले.

दृष्ट कुणाची काढली यासारखाच कुणाची काढली नाही हाही प्रश्न ठेवा. पुष्कळ घरांत फक्त मुलग्यांची काढत. आमच्या आज्जीनं नातींची आधी काढायची असा दंडक पाडला होता आणि कारण असं द्यायची की पोरींची उरलेली पोरांना चालते, पोरांची उरलेली पोरींना बाधते. हे शास्त्र तिनं कुठून आणलं ते तिलाच ठाऊक. पण ज्या सुनेची दृष्ट काढली तिनं त्या संध्याकाळी विहिरीवर जायचं नाही, हे मात्र आमच्या घरात सर्वांना मान्य होतं. बाळंतिणीला सव्वा महिना बाहेर सोडायचं नाही, नागपंचमीला चिरायचं-कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही, हीही त्याच जातीची कलमं. कामातून सुटका मागायची सोय नसलेल्या घरात पंचांगातून, दृष्टीतून ती काढून घेतलेली. अशा सुट्ट्यांचं एक पान वेगळं करा.

अंगात येण्यावर सावकाश या. पहिल्या बैठकीत तर नकोच. आणि शब्द त्यांचा वापरा. "संचार" हा पुस्तकी शब्द. आमच्याकडं "वारं येतं", बाई "घुमती", आणि जिच्या अंगात येतं तिला "झाड" म्हणतात.

थोरली आज्जी, म्हणजे माझ्या आजोबांची थोरली भावजय, काळूबाईचं झाड होती. मांढरदेवीला पौष पौर्णिमेच्या जत्रेला चालत जायची. तिची गोष्ट घरात सगळ्यांना तोंडपाठ होती. तीन मुली झाल्या, मुलगा नाही. सासऱ्यानं तिच्या नवऱ्याला दुसरी करायचं ठरवलं, पलीकडच्या गावात पोरगी पाहून ठेवली, दसऱ्यानंतर सुपारी फोडायची. नवरात्रात सातव्या माळेला, संध्याकाळच्या आरतीला थोरल्या आज्जीच्या अंगात वारं आलं. केस सुटले, ती घुमायला लागली. सासूनं कपाळाला मळवट भरला आणि विचारलं, "कोण हाईस? का आलीस?" देवी सासऱ्याकडं हात करून म्हणाली, "तुझ्या उंबऱ्यात तीन लक्षुम्या धाडल्या म्या. तू सुपारी कुणाची फोडतूस?" सासरा आडवा पडला, "चुकलं आई" म्हणाला, स्वतःच्या हातानं परडी भरली. सवत आली नाही.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत होते आणि मलाही ती तशीच, गोल, देवळातल्या चित्रासारखी पाठ होती. १९९१ साली लिहायला बसले तेव्हा दोघी जावा शेजारी शेजारी शेंगा फोडत होत्या, थोरली आज्जी आणि माझी आज्जी. मी म्हटलं, "केस सुटले म्हणजे? अंबाडा घट्ट नव्हता का?" थोरली आज्जी काही बोलली नाही. माझी आज्जी मान वर न करता म्हणाली, "आत्याबाईनी बांधला व्हता त्या दिशी. दुपारी न्हाऊ घालून."

आत्याबाई म्हणजे दोघींची सासू, माझी पणजी. तीच जिनं मळवट भरला आणि "का आलीस" विचारलं. सुनेला न्हाऊ घालायची तिची रीत नव्हती, एरवी ती सुनांना स्वतःच्या पाण्याला हात लावू द्यायची नाही. त्या दुपारी तिनं स्वतः तेल लावलं, सैल गाठ मारली, आणि आरतीच्या वेळी कुंकवाचा करंडा जवळ घेऊन बसली. मी पुढं विचारलं, पणजीला कधी सवत होती का? "व्हती की. दोन वरसं. बाळंतपणात मेली," माझी आज्जी म्हणाली. त्यावर दोघी गप्प झाल्या आणि बराच वेळ शेंगा फुटण्याचा आवाज चालू होता.

म्हणून म्हणते, अंबाडा विचारा. देवी आली होती का, हे मी थोरल्या आज्जीला तिच्या मरणाआधी एकदा विचारलंच, शिकलेल्या बाईची खोड. ती म्हणाली, "तवा कुणी इचारलं न्हाई. आता तू कशापायी इचारतीस?" माझा स्वतःचा कौल सांगायचा तर, दोन्ही खरं असावं. गाठ सैल बांधलेली होती, आणि ती घुमली तेव्हा शुद्धीवर नव्हती. तीन रात्री झोप नाही, उपास, धूप, ढोलकी, आणि दाराशी उभी सवत. पण वहीत मी माझा कौल घातला नाही. वेगळ्या शाईनं समासात लिहिला. तुम्हीही तसंच करा, म्हणजे पुढं वाचणारीला तिचं कुठलं आणि तुमचं कुठलं ते कळेल.

साल काढायची युक्ती. म्हातारीला सन विचारू नका, आधी का नंतर ते विचारा. आमच्या भागात चार खुंट पक्के आहेत. गांधीबाबा गेले, म्हणजे जानेवारी १९४८, त्यानंतर सातारा जिल्ह्यात घरं जळाली, ते कुणी विसरत नाही. कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७, पहाटेचा. १९७२ चा दुष्काळ, खडी फोडायला गेलेला. आणि अलीकडचं म्हणजे मांढरदेवीची चेंगराचेंगरी, २५ जानेवारी २००५, तीनशेच्या आसपास माणसं गेली. थोरल्या आज्जीची धाकटी त्या नवरात्रात अंगावर पीत होती, आणि घरं जळाली तेव्हा दुडूदुडू पळत होती. म्हणजे बहुतेक १९४५ चं नवरात्र. हे गणित जुळल्यावर मी कायदा शोधला. मुंबई इलाख्यात हिंदू पुरुषाला दुसरी बायको करायला बंदी आली ती १९४६ च्या कायद्यानं. म्हणजे त्या नवरात्रात सासरा गावच्या आणि सरकारच्याही नियमानं बरोबर होता. थोरल्या आज्जीला जायला जागा नव्हती. कायद्याचं साल लिहून ठेवत चला, गोष्ट एकदम उजेडात येते.

दुसरं उदाहरण. एक विधवा, पदरात एक मुलगी. १९५६ च्या वारसा कायद्यानं तिला हक्क होता, पण सातबाऱ्यावर नाव लागेना आणि दीर बांध कोरत पुढं सरकत होता. तिनं अमावास्येला बांधावर कुंकू लावलेली पाच लिंबं, बिब्बे टोचून, ओळीनं ठेवली आणि दिवसाढवळ्या सगळ्या वस्तीसमोर ठेवली. दिराचा औत्या त्या बांधाला औत लावायला तयार होईना. दोन सुग्या ती जमीन तिची राहिली. "तलाठ्याकडं धा खेपा घातल्या, लिंबं एकदाच ठिवली," असं म्हणायची. पाच लिंबांना तेव्हा किती पडले हेही मी विचारलं. नेमका आकडा तिला आठवेना, पण उसने आणले होते हे आठवत होतं.

इथपर्यंत आलात की तुम्हाला हे सगळं फार आवडायला लागेल. मलाही लागलं होतं. तेव्हाच किंमत विचारायची. थोरल्या आज्जीला त्या सातव्या माळेनंतर कधी सुटका मिळाली नाही. दर मंगळवारी उपास, दर पौर्णिमेला घुमायचं, कुणाची म्हैस हरवली तरी लोक दारात. नवरा तिला भ्यायला लागला आणि वस्तीवरच्या गोठ्यात झोपायला लागला. आजारी पडली तरी लोकांना वाटायचं, देवी आहे, तिला काय होतंय. कुणी तिला नावानं हाक मारली नाही. सगळे "आई" म्हणायचे, तिच्या मुली सोडून. मुली "आये" म्हणायच्या, तेवढाच काय तो फरक.

आणि जे थोरल्या आज्जीला साधलं ते दुसरीला साधलंच असं नाही. दुष्काळाच्या साली आमच्या आळीतली एक सून अशीच घुमायला लागली. तिच्या सासूनं मळवट भरला नाही. "देव न्हाई, भूत हाय" म्हणाली. देवरशाकडं नेलं, मिरच्यांची धुरी दिली, कडुनिंबाच्या फोकानं मारलं. तिला काय सांगायचं होतं ते कुणी विचारलं नाही, ती आठ दिवसांत माहेरी गेली आणि परत आली नाही. वारं देवाचं का भुताचं, हे घुमणारी ठरवत नाही. कुंकू कुणाच्या हातात आहे ती ठरवते. घर कुठलं, जात कुठली, हेही त्यात येतं. आश्विन शुद्ध अष्टमीला चित्पावनांच्या घरी तांदळाच्या उकडीचा मुखवटा करून महालक्ष्मी बसवतात, रात्री बायका घागरी फुंकतात, एखादीच्या अंगात येतं आणि तिला प्रश्न विचारतात. तिला कुणी फोकानं मारल्याचं मी ऐकलेलं नाही.

तिसरी बाजूही लिहा. ज्या विधवेनं लिंबं ठेवली तिलाच दोन वर्षांनी चेटकीण म्हणायला लागले, कुणाच्या तरी गाईचं दूध आटलं म्हणून. सातपुड्यात बायांना डाकीण ठरवून मारहाण झाली, जीव गेले. त्यामुळं अशी गोष्ट लिहिताना गाव, आडनाव, वाडीचं नाव बदला. म्हातारी म्हणाली "लिही की माझं नाव, मला कुणाची भीती" तरी बदला, तिच्या नाती त्याच गावात नांदतात.

महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा. त्या साली २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर तो झाला. त्याची अनुसूची एकदा वाचून काढा, लांब नाही. मंत्रतंत्रानं जनावराचं दूध आटवते असा एखादीवर आळ घेणं त्यात गुन्हा आहे. म्हणजे त्या विधवेला आज कायदा मदत करतो. आणि अंगात अतींद्रिय शक्ती आल्याचं सांगून दुसऱ्याला भीती घालणं, माझं ऐकलं नाही तर वाईट होईल म्हणणं, हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. म्हणजे १९४५ च्या नवरात्रात माझ्या थोरल्या आज्जीनं जे केलं ते आज त्यात बसू शकतं. कायदा मला पटतो, मी शाळेत तो शिकवला आहे. थोरल्या आज्जीचं ते पान मात्र मी अजून कुणाला वाचून दाखवलेलं नाही.

किरकोळ राहिलेलं. विंचू उतरवायचे मंत्र कुणी देत असेल तर लिहून घ्या, ते ग्रहणात जागवावे लागतात वगैरे सगळं मजेशीर आहे, पण विंचू चावल्यावर ती वही उघडू नका, दवाखान्यात जा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनची गोळी दाखवून दिल्यापासून त्यात जीव वाचतात. बोटं मोडण्याकडं लक्ष द्या. अलाबला घेताना म्हातारी स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडते ती माया, आणि तीच बोटं रस्त्यात उभं राहून कुणाच्या घराकडं बघत कडाकडा मोडली की तळतळाट. कधी, कुणाच्या दारासमोर, किती बोटं मोडली हे विचारलं तर भांडणाचा अख्खा नकाशा मिळतो.

शेवटचं, "हे लिहू नको" म्हणाली की लिहायचं नाही. घरी येऊन आठवून तर मुळीच नाही. त्या दिवशीची तारीख घालून पान कोरं सोडायचं, म्हणजे काहीतरी होतं एवढं तरी राहतं. माझ्या तिसऱ्या वहीत अशी चार पानं आहेत. एकावर नुसतं "मंगळवार, शेंगा, दोघी" एवढंच आहे.